संवादावरचं टिंब

१

“तुझं नाव आलंच नाही.”

आईने हे टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं. मास्तरीण दारातच थबकली. तिला वाटलं, आईची नजर चुकली असेल. चुकणं सोपंही होतं. भाग संपला रे संपला की चॅनेल सगळं चित्र दाबून डाव्या कडेला ढकलायचं. उजवीकडच्या ऐसपैस जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात ढोल बडवत सुरू व्हायची आणि ज्यांनी मालिका बनवली त्यांची नावं डाव्या बाजूच्या त्या बोळातून चोरासारखी पळायची. आई त्यासाठीच खुर्ची टीव्हीच्या तोंडाशी नेऊन बसायची.

आज ‘तिसरा जिना’चा शेवटचा भाग होता. शाळेतली नोकरी सोडून मास्तरणीने ही मालिका लिहिली होती. शाळा सुटली, पण मास्तरीण हे नाव काही सुटलं नाही. मालिकेतली नायिका शेवटी नवऱ्याचं घर सोडून, मुलीचा हात धरून जिना उतरते आणि मागे वळून बघत नाही. तिने वळावं, रडावं, परत जावं, म्हणून चॅनेलने फार जोर लावला होता. मास्तरीण हटली नाही.

तिने रिमोटने भाग मागे नेला. आई चुकली नव्हती. पहिल्याच पाटीवर लिहिलं होतं, ‘संकल्पना, पटकथा व संवाद : तिसरा जिना परिवार’.

“हा परिवार कोण?” आईने विचारलं. “तू एकटी तर बसायचीस त्या खोलीत.”

तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी दुसऱ्या गावात राहायची. “शेवट काय लिहिलास गं! मी तर रडले. आणि शेवटी तुझं नाव, पहिलंच, केवढं मोठं!”

“नाव नव्हतं मावशी.”

“नव्हतं कसं? मी मोबाईलवर पाहिलं ना.”

आईने फोन हातात घेतला. “तुझं आपलं नेहमीचंच. कपडे वाळत घालता घालता मोबाईल बघायचा आणि सगळ्याला हो म्हणायचं.” दोघी बहिणींची जुंपली. मास्तरीण पडद्यावरच्या त्या थांबलेल्या पाटीकडे बघत राहिली. पुढच्या सगळ्या पाट्या जागच्या जागी होत्या. दिग्दर्शन होतं, संकलन होतं, संगीत होतं. फक्त तिला उचलून बाहेर ठेवलं होतं.

आणि संकलनापुढे नाव होतं तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. नावांची सगळी पट्टी तोच बनवायचा.

२

सकाळी दार वाजलं. बाहेर मालिकेचा दिग्दर्शक उभा होता. सेटवर सगळे त्याला कॅप्टन म्हणत. त्याचे डोळे लाल झाले होते.

“मी झोपलो नाही,” तो आत येत म्हणाला. “काल गाडीत होतो, मोबाईलवर भाग बघत होतो. पहिलीच पाटी आली आणि तुझं नाव नाही! ड्रायव्हरला म्हटलं, बाजूला घे गाडी. मला वाटलं मलाच काहीतरी होतंय.”

“कोणी केलं असेल?”

“शेठ. दुसरं कोण?” शेठ म्हणजे निर्माता. “दुसऱ्या पर्वाची बोलणी चालली आहेत, माहीत आहे ना? नायिका परत येणार, माफी मागणार, असलं काहीतरी. तू हो म्हणशील का?”

“मेले तरी नाही.”

“तेच तर. लेखक संघटनेचा नियम तुला ठाऊक आहे. शेवटच्या भागात टीव्हीवर जनक म्हणून ज्याचं नाव दिसतं, त्याच्या परवानगीशिवाय पुढचं पर्व निघत नाही. नाव गेलं की तुझा नकारही गेला.” तो जरा थांबला. “पण शेठला कॉम्प्युटर चालू करता येत नाही. पट्टीला हात लावणारा दुसराच कोणीतरी असणार. मी नाव घेत नाही. तुझ्याच घरातलं आहे.”

मास्तरणीने पर्स उचलली. “आत्यांकडे जाते.”

आत्या कोणाचीच आत्या नव्हती. लेखक संघटनेत नावांचे तंटे सोडवायचं काम तिच्याकडे होतं आणि ती सख्ख्या आत्याच्या हक्काने मोठमोठ्यांचे कान धरायची. ऐन तरुणपणी तिने रेडिओवर नाटकं लिहिली होती. आता गुडघे दुखायचे, म्हणून कुठेही जाताना बसायची उशी सोबत न्यायची. बैठकीत ती उशी खुर्चीवर पडली की निर्मात्यांच्या पोटात गोळा यायचा.

तिने सगळं ऐकून घेतलं. सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही.

“रडली नाहीस?”

“राग आलाय. रडायला जागा उरली नाही.”

“उत्तम,” आत्या म्हणाली. “उशी घे माझी. आधी तुझ्या भावाकडे.”

३

संकलनाची खोली तळघरात होती. दोन पडदे, एक कुरकुरणारी खुर्ची आणि थंडगार हवा. धाकट्याने बहिणीला बघितलं आणि उभा राहिला. शेठ आधीच येऊन बसले होते.

“मी काही केलं नाही ताई,” तो म्हणाला. “ही बघ पट्टी.”

त्याने पडद्यावर पट्टी लावली. पहिल्याच पाटीवर तिचं नाव होतं, ठसठशीत आणि पूर्ण.

“आज आहे,” शेठ म्हणाले. “काल होतं का, ते विचारा. चोरी करून वस्तू परत जागेवर ठेवणारे कमी नसतात.”

आत्याने चष्मा काढला आणि पडद्याला नाक लावलं. तिला जवळचं चष्म्याशिवायच दिसायचं. “ही फाईल आज सकाळी पुन्हा सेव्ह झाली आहे. कोणी केली?”

धाकटा गप्प.

“अरे, तुला विचारतायत,” मास्तरीण म्हणाली.

“मीच केली.”

“का?”

तो जमिनीकडे बघत राहिला. मास्तरणीला तो लहान असल्यासारखा दिसला, वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलासारखा, आणि तिचा तोल गेला. “दिग्दर्शन देतो म्हणालं का कोणी दुसऱ्या पर्वात? तेवढ्यावर विकलंस मला?”

त्याचा चेहरा उतरला.

आत्या शेठकडे वळली. “आणि तुम्ही? नाव गेलं तर सगळ्यात मोठा फायदा तुमचा.”

शेठ ताडकन उठले. “फायदा आहेच! नाही कशाला म्हणू? ही बाई मला तीन वर्षं छळते आहे. एक वाक्य बदलू देत नाही. पण आत्या, मला नाव चोरायचं असतं तर मी तिथे माझं नाव घातलं असतं. माझ्या मालिकेत मी कोणाच्या बापाला भितो? परिवार कशाला लिहीन? परिवार लिहितो तो, ज्याला स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही!”

दार आपटून ते निघून गेले. आत्या गालात हसली.

“उद्धट आहे,” ती म्हणाली, “पण बोलला ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.”

४

चॅनेलच्या प्रसारण विभागाच्या साहेबांना सगळे टायवाले म्हणत, कारण वीज जाऊन घामाच्या धारा लागल्या तरी ते गळ्यातला टाय सैल करत नसत. त्यांच्या केबिनमध्ये भिंतभर पडदा होता.

“आमचा याच्याशी संबंध नाही,” ते म्हणाले. “निर्मात्याकडून टेप येते. शेवटची नावं आली की आमचं मशीन चित्र कडेला दाबतं आणि बाजूला जाहिरात लावतं. आम्ही फक्त दाबतो मॅडम. पुसत नाही.”

“दाबायचं तरी कशाला?” मास्तरणीने विचारलं.

“नावं सुरू झाली की प्रेक्षक पळतो. त्याला धरून ठेवावं लागतं.”

“नावं वाचता येतील अशी कधी दाखवून बघितलीत?”

टायवाल्यांनी उत्तराऐवजी कालचं प्रसारण सुरू केलं. पहिली पाटी, परिवार. दुसरी, दिग्दर्शन. तिसरी, संकलन. म्हणजे टेपच तशी आली होती. म्हणजे धाकटा.

“पुन्हा लावा,” आत्या म्हणाली. चष्मा काढून ती भिंतीपाशी गेली. “थांबवा. ही तिसरी पाटी. ‘संकलन’वरचं टिंब बघ कसं दिसतंय.”

मास्तरीण जवळ गेली. “उभट आहे. तिळासारखं.”

“का?”

“चित्र दोन्ही बाजूंनी दाबलंय ना. गोल होतं ते चिमटलं.”

“पुढे घ्या. ‘संगीत’?”

“तेही चिमटलेलंच.”

“आता मागे. पहिली पाटी. ‘संवाद’वरचं टिंब?”

मास्तरणीने बघितलं. पुन्हा बघितलं. ‘संकल्पना’वरचं टिंब आणि ‘संवाद’वरचं टिंब, दोन्ही गोल होती. वाटाण्यासारखी गरगरीत गोल.

“ही पाटी दाबलेलीच नाही,” ती म्हणाली.

“नाही. हिला कोणी दाबलंच नाही, कारण ही जन्मतःच बोळाच्या मापाची आहे. बाकीच्या पाट्या टेपमधल्या आणि ही एकटी बाहेरून आलेली.” आत्या सावकाश वळली आणि आपली उशी टायवाल्यांच्या समोरच्या खुर्चीवर ठेवली. “आता बोला साहेब. पुसत नाही, पण चिकटवता?”

टायवाल्यांचा हात पहिल्यांदाच टायच्या गाठीकडे गेला.

५

“आली होती एक पाटी,” त्यांनी कबूल केलं. “वेगळी. शेवटच्या भागासाठी खास. निरोप असा होता, की दाबल्यामुळे लेखिकेचं नाव नीट वाचता येत नाही, म्हणून निदान पहिली पाटी आमच्या मापाची करून पाठवतोय. मला वाटलं, चांगली गोष्ट आहे. ऑपरेटरने लावून टाकली.”

“तुम्ही वाचली नाहीत?”

“नावं कोण वाचतं हो?” ते बोलून गेले.

“अक्षरं तुमच्या चॅनेलची नाहीत,” आत्या म्हणाली. “मालिकेचीच आहेत, तीच वळणं. म्हणजे आणणारा मालिकेतला. कोण?”

“निर्मितीकडून आली एवढंच माहीत आहे.” ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना याहून जास्त माहीत होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

रस्त्यावर आल्यावर मास्तरणीने आधी भावाला फोन लावला. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “तू काही केलं नाहीस, कळलं मला. पण सकाळी ती फाईल का उघडलीस, आणि सांगितलं का नाहीस?”

“आई रडत होती फोनवर. मला वाटलं, माझ्याच हातून नाव उडालं की काय. धावत गेलो, उघडून बघितलं, तर नाव होतं. घाबरून पुन्हा सेव्ह केलं. मग कॅप्टन म्हणाला, आता तू तोंड उघडू नकोस, फाईलला हात लावलाय म्हटल्यावर तुलाच लटकवतील. मी सांभाळतो सगळं.”

“कॅप्टन म्हणाला?”

“सकाळी सकाळीच आला होता. तुझ्याकडे यायच्या आधी.”

आत्या फुटपाथवरच्या कट्ट्यावर उशी टाकून बसली होती. “तुझी ती मावशी,” ती अचानक म्हणाली. “नाव दिसलं म्हणणारी. लाव तिला फोन.”

मावशी फुरंगटलेलीच होती. आत्याने तिला गोड बोलून विचारलं, “मोबाईलवर बाजूला जाहिरात येते का हो?”

“छे! मोबाईलवर कसली जाहिरात? नावं पडदाभर येतात. चॅनेलच्याच ॲपवर. म्हणून तर मी तिथे बघते. आणि पहिलं नाव माझ्या भाचीचं होतं, कोणी काही म्हणो!”

आत्याने फोन परत दिला. तिचा चेहरा गंभीर झाला होता. “ॲपवर टेप आहे तशीच जाते. दाबणं नाही आणि बाहेरची पाटीही नाही. नियम मोबाईलच्या आधीचा आहे, त्यामुळे त्या नावाचा तुला उपयोग नाही. पण मला आहे.” ती उठली. “उद्या सगळ्यांना संघटनेत बोलव. कोण कुठे काय बघत होतं, ते मला त्यांच्यासमोर बोलायचं आहे.”

मास्तरीण जागच्या जागी उभी होती. तिला सकाळचं एक वाक्य आठवलं होतं आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

६

संघटनेच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. शेठ, धाकटा, टायवाले आणि कॅप्टन टेबलाभोवती बसले. कॅप्टनने मास्तरणीशेजारची खुर्ची घेतली आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. ती हलली नाही.

आत्याने सुरुवात केली. “पाटी बाहेरून आली, हे साहेबांनी मान्य केलं आहे. आता मला सांगा, बाहेरून का आणावी लागली? धाकट्याला नाव काढायचं असतं तर त्याने टेपमधूनच काढलं असतं. टेप त्याच्या हातात. मग ते मोबाईलवरूनही गायब झालं असतं. पण तिथे ते आहे.”

धाकट्याने मान वर केली.

“शेठना काढायचं असतं, तर धाकट्याला दटावून टेपच बदलून घेतली असती. नाहीतर स्वतःचं नाव घातलं असतं. ते तसे निर्लज्ज आहेत.”

“आभारी आहे,” शेठ म्हणाले.

“म्हणजे चोर मालिकेच्या आतला आहे. मालिकेची अक्षरं त्याच्याकडे आहेत, पण टेपला गुपचूप हात लावण्याची सोय नाही. चॅनेलमध्ये मात्र त्याचं जाणंयेणं आहे आणि बोळाचं माप त्याला ठाऊक आहे.” आत्या कॅप्टनकडे वळली. “तू त्या संध्याकाळी भाग कुठे पाहिलास?”

“गाडीत. मोबाईलवर. सांगितलंय मी हिला.”

“आणि नाव नव्हतं?”

“नव्हतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“मोबाईलवर नाव होतं, कॅप्टन.”

आत्या टेबलावर पुढे झुकली.

“मोबाईलवर पाहणाऱ्या कोणालाच ते गायब दिसलं नाही. ते गायब असणार हे तुला आधीच माहीत होतं. फक्त ॲपवर वेगळं जातं, हे माहीत नव्हतं.”

“मग टीव्हीवर पाहिलं असेल,” कॅप्टन हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “धावपळीत कुठे लक्षात राहतं?”

“गाडीत टीव्ही?”

टायवाल्यांनी घसा खाकरला. आपली कातडी वाचवायची वेळ त्यांना बरोबर कळली. “कॅप्टन त्या संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये होते. दुसऱ्या पर्वाचं बोलायला. पाटी त्यांनीच आणून दिली होती.”

कॅप्टनने मास्तरणीकडे बघितलं. तिला वाटलं होतं तो नाकारेल. पण त्याचा आवाज चढला.

“हो, मी केलं! तू काय लिहायचीस? ‘ती जिन्यात थांबते.’ तीन शब्द! ते थांबणं लोकांच्या काळजात कोणी घातलं? सबंध दुपार त्या जिन्यात उजेडाची वाट बघत मी उभा राहिलो. आणि सगळीकडे कौतुक कोणाचं? लेखिकेचं. आता मला पुढचं पर्व मिळत होतं, तर तू आडवी. तुझ्या एका हट्टापायी आम्ही सगळ्यांनी घरी बसायचं?”

“माझ्या भावावर ढकलत होतास,” ती म्हणाली.

“त्याला काही होऊ दिलं नसतं मी. आणि एवढं काय झालंय? एक नाव. कोण वाचतं ती नावं? तेवढ्यात लोक पाणी प्यायला उठतात.”

“मग तुझं का ठेवलंस?”

कॅप्टनने गाडीची किल्ली उचलली आणि तो निघून गेला. जाताना कोणाकडेही बघितलं नाही.

७

टायवाले दोन दिवसांनी संघटनेत मिटवायला आले. संघटनेने नियमाप्रमाणे कळवलं होतं, की बनावट पाटीचं प्रसारण धरलं जाणार नाही, चॅनेलने शेवटचा भाग खऱ्या नावांसह पुन्हा दाखवावा.

“दाखवतो,” ते म्हणाले. “रविवारी दुपारी. तुमच्या नावाची पाटी नीट लावू, मोठी, आमच्या मापाची.”

“नको,” मास्तरीण म्हणाली. “दाबायचंच नाही. पडदाभर दाखवा. सगळ्यांची नावं, मूळ वेगाने. बाजूला जाहिरात नको, वर कोणाची बडबड नको. मेकअपवाली, दिवे धरणारे, जिना घासणारे, सगळे.”

“मॅडम, एवढा वेळ प्रेक्षक थांबत नाही.”

“नाही थांबला तर जाऊ दे. जायचं की थांबायचं ते त्याला ठरवू दे. तुम्ही दार लावू नका.”

“आणि नाही दाखवलं तर?”

“तर तुमच्या चॅनेलवरच्या बाकीच्या मालिकांचे लेखक सोमवारपासून लिहिणार नाहीत,” आत्या उशी सारखी करत म्हणाली. “विचारून आलेय मी.”

टायवाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “ठीक. आणि दुसरं पर्व? नायिका परत येण्याबद्दल थोडा विचार केलात तर...”

“ती येणार नाही.”

“एक भाग तरी? नुसती भेटायला?”

“साहेब, ती जिना उतरली आहे. तिला परत चढवायचं असेल तर आधी मला उचलून न्यावं लागेल, आणि मी जड आहे.”

शेठ कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. दुसरं पर्व बुडाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, तरी ते फिसकन हसले.

टायवाले उठता उठता म्हणाले, “बरं, रविवारी कॅप्टनचं नाव आम्ही काढून टाकतो. तेवढी शिक्षा तर झालीच पाहिजे.”

“हात लावून बघा त्या नावाला,” मास्तरीण म्हणाली. इतकी ती अख्ख्या प्रकरणात कोणावर चिडली नव्हती. “दिग्दर्शन त्याने केलंय. त्या जिन्यातला उजेड त्याचा आहे. संघटना त्याचं काय करायचं ते करेल, पण ज्याचं काम त्याचं नाव.”

रविवारी दुपारी संघटनेच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मेकअपवाली आली होती, दिवेवाले आले होते. मास्तरणीची आई पुढे बसली होती आणि शेजारी गावाहून आलेली मावशी. भाग संपला. चित्र कडेला गेलं नाही. काळ्या पडद्यावर पहिली पाटी आली आणि आईने मुलीचं नाव मोठ्याने वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. टाळ्या पडल्या. धाकट्याने शिट्टी मारली.

मग दुसरी पाटी आली. दिग्दर्शन. मागून कोणीतरी “शेम, शेम” म्हणून ओरडलं, दोघातिघांनी साथ दिली.

मास्तरीण उठून मागे वळली.

“गप्प बसा,” ती म्हणाली. “आई वाचते आहे.”